एका गुरांच्या डॉक्टरांचे संसारशास्त्र

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा कार्यवाहांनी केली, तेव्हा आम्हांला प्रथम संकोचच वाटला. या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आम्ही पडलो शाळामास्तर. समोर पन्नास मुले आणि हातात खडू, एवढ्याच सभेची आम्हांला सवय. परंतु नाही म्हणण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. निपाणीजवळच्या एका खेड्यातला, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बापाचा मुलगा बेळगावात शिकायला आला, तो याच ट्रस्टच्या वसतिगृहात चार वर्षे राहिला. गुणपत्रिका पाहिली आणि खोली दिली. अर्जावर जातिधर्माचा रकाना होता की नव्हता, हे आज आम्हांला आठवतही नाही. ज्या घरचे अन्न खाल्ले, त्या घराने हाक मारली की जायचे असते.

शिक्षणावर बोलावे अशी सूचना होती. पण महोत्सवी निधीतून वृद्धाश्रमाची इमारत बांधावी की काय, याविषयी गेले काही महिने आपल्यात बरीच चर्चा चालू आहे. दोन्ही बाजूंनी कळकळीने बोलले जाते, कधी कधी आवाजही चढतो. त्या वादात आमच्यासारख्याने मत देण्याआधी एका माणसाचे अनुभव आपल्या कानांवर घालावेत, असे वाटले. हा माणूस म्हणजे आमच्या गल्लीत राहणारे, पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झालेले एक डॉक्टर. त्यांची परवानगी घेऊनच बोलतो आहोत. नाव मात्र घेऊ नका असे त्यांनी बजावले आहे. ते म्हणाले, ‘‘गुरुजी, मी आयुष्यभर ढोरडॉक्टरच होतो. तेवढेच सांगा.’’

डॉक्टरांचे वय आज ब्याऐंशी-त्र्याऐंशी असेल. १९६६ साली ते त्या वेळच्या म्हैसूर राज्याच्या खात्यात रुजू झाले आणि २००१ साली निवृत्त झाले. मधल्या पस्तीस वर्षांत चिकोडी, अथणी, खानापूर, रायचूर अशा किती तालुक्यांचे पाणी प्यायले, याचा हिशेब त्यांच्या ट्रंकेवरच्या पत्त्यांवरून करावा लागेल. त्यांच्या उमेदीच्या काळात गुरांचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे बुळकांडी. जनावराला ताप यायचा, डोळ्यांतून पाणी गळायचे, तोंडात चट्टे पडायचे, मग जुलाब, आणि आठ-दहा दिवसांत दावण रिकामी. या रोगाविरुद्ध देशव्यापी मोहीम १९५४ साली सुरू झाली. बर्फाच्या डब्यात लस घालून, कधी सायकलीवर, कधी बैलगाडीत, तर कधी पायी डॉक्टर गावोगाव फिरले. भारतात त्या रोगाचा शेवटचा उद्रेक १९९५ साली झाला. २००६ साली देश त्यातून मुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. माणसाने पृथ्वीवरून समूळ घालवलेले रोग आजवर दोनच, देवी आणि बुळकांडी. डॉक्टर हसून म्हणतात, ‘‘मी निवृत्त झाल्यावर दहा वर्षांनी माझी वैरीण निवृत्त झाली. नोकरीत तिची ज्येष्ठता माझ्याहून मोठी!’’

अशा माणसाला आम्ही सातवीच्या वर्गापुढे बोलावले, ते ‘आपले पाळीव प्राणी’ या पाठासाठी. ते तासभर बोलले. पण आमचे खरे शिक्षण पुढे सुरू झाले, शाळेच्या कट्ट्यावर, संध्याकाळी. त्यातले थोडे आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट लग्नाची.

आम्ही विज्ञान शिकवतो. तरफेचा नियम दर वर्षी फळ्यावर लिहितो. टेकू ज्या बाजूला सरकवाल, त्या बाजूचा भार वाढतो. डॉक्टरांनी आम्हांला विचारले, ‘‘गुरुजी, जोडीतला एक बैल थोराड आणि दुसरा कमकुवत असला, तर शेतकरी काय करतो?’’ आम्ही म्हणालो, दुसरा बैल आणतो. ते म्हणाले, ‘‘पैसे असतील तर. नसतील तर तो जुवाला दांडी बांधलेली दोरी सोडतो आणि दोन-चार बोटे थोराड बैलाच्या बाजूला सरकवून पुन्हा आवळतो. थोराडावर ओढ वाढते, कमकुवताची कमी होते आणि नांगर सरळ चालतो. त्याने तुमचा नियम पाठ केलेला नसतो. पण बैलाच्या खांद्यावरचा घट्टा त्याने पाहिलेला असतो.’’

मग म्हणाले, ‘‘संसाराचे गाडे बरोबरीने ओढावे, असे लग्नात सगळेच सांगतात. पण दोघे एकाच वेळी सारख्या बळाचे असे कधी नसतातच. बाळंतपणात एकाचे बळ कमी होते, नोकरी गेली की दुसऱ्याचे. दुखण्यात, दुःखात, म्हातारपणात हे बळ इकडून तिकडे जात राहते. अशा वेळी कुणी तरी उठून ती दोरी सोडायची असते आणि आपल्या बाजूला सरकवायची असते. ज्या घरात ती एकदाच लग्नाच्या दिवशी आवळली आणि पुन्हा कधी सोडली नाही, तिथे एकाचा खांदा सोलून निघतो.’’

आम्ही विनोदाने म्हटले, ‘‘डॉक्टरसाहेब, आमच्यात निकाह हा करार असतो. मेहर ठरते, साक्षीदार असतात, होकार उघड विचारला जातो. तुमच्यात तो संस्कार. मग ही दोरी कराराची की संस्काराची?’’ ते म्हणाले, ‘‘काहीही म्हणा. खांदे तेच.’’

आणि थोडे थांबून म्हणाले, ‘‘माझ्या संसारात पहिली पस्तीस वर्षे दोरी तिच्या बाजूला सरकलेली होती. बदली आली की सामान तिने बांधायचे, मुलांच्या शाळेचा दाखला तिने आणायचा, रात्री-अपरात्री गाय अडली म्हणून कुणी दार वाजवले की कंदील तिने लावायचा. मी मात्र समजत होतो, की गाडे मीच ओढतो आहे.’’ हे ते का सांगत होते, याचा पुरता अर्थ त्या दिवशी आम्हांला कळला नाही. तो पुढे कळला.

दुसरी गोष्ट कुटुंबाची.

‘हल्लीची मुले आई-बापांना विचारत नाहीत’ हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. डॉक्टरांचा मुलगा कॅनडात असतो, मुलगी पुण्यात. म्हणून एकदा आमच्याही तोंडून ते वाक्य निघून गेले. डॉक्टरांना ते आवडले नाही. त्यांनी आपल्या वडिलांची हकीकत सांगितली.

वडील गावी थोरल्या भावाकडे होते. अर्धांगाने अकरा महिने अंथरुणाला खिळलेले. डॉक्टर त्या वेळी रायचूरकडे लसीकरणाच्या मोहिमेवर. दरमहा मनिऑर्डर पाठवीत आणि कर्तव्य झाले असे मानीत. एके दिवशी तार आली. ती तालुक्याच्या कचेरीत पडून राहिली, कारण डॉक्टर आतल्या गावांतून फिरत होते. ते घरी पोचले पाचव्या दिवशी. दहाव्याला जमलेली मंडळी म्हणत होती, ‘‘पोरगा सरकारी डॉक्टर, पैशाला कमी पडू दिले नाही, म्हाताऱ्याने पुण्य केले होते.’’ अकरा महिने ज्यांनी म्हाताऱ्याचे अंग पुसले, कूस बदलली, पेज भरवली, त्या वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात पिंडाचा भात शिजवीत होत्या.

डॉक्टर म्हणाले, ‘‘सेवा सुनेने केली आणि नाव मुलाचे झाले. पुंडलिकाने आई-बापांसाठी देवाला उभे ठेवले. मी बुळकांडीसाठी बापाला ताटकळत ठेवले. काम खोटे नव्हते, मोहीम महत्त्वाचीच होती. पण त्या दिवशी वहिनींना नमस्कार करायचा राहून गेला. पुढे करू, पुढे करू म्हणता त्याही गेल्या. आता मी कुठल्या तोंडाने मुलाला दोष देऊ? तो रविवारी फोन करतो. माझी मनिऑर्डर जात होती, त्याचा आवाज येतो. म्हणजे तो माझ्यापेक्षा एक पाऊल पुढेच आहे.’’

मंडळी, आपल्या घरांत म्हाताऱ्यांची सेवा कोण करते, हा प्रश्न आपण कधी सरळ विचारत नाही. ‘आमच्यात वृद्धाश्रमाची रीत नाही’ असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या अभिमानाचे ओझे बहुधा एका सुनेच्या, एका लेकीच्या किंवा स्वतःच थकलेल्या एका पत्नीच्या खांद्यावर असते. त्या बाईला विचारून आपण तो अभिमान बाळगलेला नसतो.

याच ओघात एक व्यवहाराची गोष्ट सांगून टाकतो, कारण सभेत बरीच वडीलधारी मंडळी आहेत. आई-वडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. ज्यांचा स्वतःच्या मिळकतीवर निर्वाह होत नाही, अशा आई-बापांना त्याप्रमाणे मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. त्यासाठी न्यायाधिकरण असते आणि मूळ कायद्यात ही रक्कम दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत ठेवली आहे. त्यातलेच तेविसावे कलम आहे. देखभाल करावी या अटीवर घर किंवा जमीन बक्षीस दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. म्हणून प्रेमाच्या भरात बक्षीसपत्र करताना ती अट कागदावर लिहून घ्यावी. डॉक्टर म्हणतात, ‘‘विश्वास आहे म्हणूनच लिहावे. बैल विकतानाही आपण पावती करतो, ती काही भांडणासाठी नव्हे.’’ पण तेही जाणतात आणि आम्हीही, की न्यायाधिकरण पैसे देववील. म्हाताऱ्या माणसाजवळ येऊन बसायला ते कुणाला लावू शकत नाही.

आता तिसरी गोष्ट, म्हातारपणाची. ही सांगताना आम्हांला आमच्या घरची गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला जड जाते, पण तिच्यावाचून हे भाषण अपुरे राहील.

आमचे वालिद गेल्यावर आमच्या अम्मा गावातल्या घरीच राहिल्या. बेळगावला चला असे आम्ही म्हटले, त्या नाही म्हणाल्या. दर शुक्रवारी नमाजानंतर आम्ही फोन करीत होतो. ‘‘अम्मा, तबियत कशी?’’ ‘‘अच्छी आहे बाबा, तुझी सांग.’’ इतके बोलणे होई. कुराणात आज्ञा आहे, की आई-बाप वृद्ध झाले तर त्यांच्यापुढे कंटाळ्याचा साधा उद्गारसुद्धा काढू नये. आम्ही तसा उद्गार कधी काढला नाही, आणि तेवढ्याने ती आज्ञा पाळली असे समजत होतो.

एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी निघालो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, मी पण येतो. त्या बाजूला माझी एके काळी नेमणूक होती. अम्मांनी चहा केला. डॉक्टर पाटावर बसून ‘‘भाभी, त्या साली तुमच्या गावात खिलारी जोड्या किती होत्या?’’ अशा गप्पा मारीत होते. अर्धा तास झाला असेल. परत येताना एस.टी.त ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘गुरुजी, राग मानू नका. तुमच्या आईला दिसत नाही.’’

आम्ही चकित झालो. अम्मांनी स्वतः चहा करून दिला होता! डॉक्टर म्हणाले, ‘‘हाताच्या सवयीने केला. मधल्या खोलीच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर काळपट रेघ आहे, चुलीपासून मागच्या दारापर्यंत. ती पाहिलीत का? ती हाताची रेघ आहे. महिनोन् महिने भिंत धरून चालल्याशिवाय अशी रेघ उमटत नाही. सूप भरून निवडलेले तांदूळ होते, त्यात खडे तसेच होते. पाण्याची कळशी अर्धीच भरलेली, म्हणजे भरलेली उचलवत नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट फळीवर होते, त्यातल्या चारच गोळ्या गेल्या आहेत. आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरतात. इतकी सैल काकणे कुणी विकत घेत नाही.’’

ती रेघ आम्हीही पाहिली होती. ईदच्या आधी चुना मारून घ्यायला हवा, एवढेच आमच्या मनात आले होते.

आम्ही विचारले, मग अम्मा दर शुक्रवारी ‘अच्छी आहे’ असे का म्हणतात? त्यावर डॉक्टरांनी जे सांगितले, ते आम्ही विसरू शकत नाही. ते म्हणाले, ‘‘पस्तीस वर्षे मी मुके रोगी तपासले. लोक म्हणत, जनावर बोलत नाही, मग तुम्हांला दुखणे कळते कसे? अहो, ते बोलत नाही म्हणूनच कळते! आपण त्याच्याकडे पाहतो. रवंथ करते का, नाकपुडी ओली आहे का, कान गार आहेत का, शेण कसे आहे, कळपापासून दूर उभे आहे का. माणूस बोलतो, म्हणून आपण त्याच्याकडे पाहायचे सोडून देतो. आणि दुसरे असे, की गाय काय, मेंढी काय, कळपातले जनावर आपले दुखणे होता होईल तो लपवते. कळपातले अशक्त जनावर लांडग्याला आधी दिसते, हे त्याच्या रक्तातच आहे. म्हातारी माणसेही लपवतात. त्यांना लांडग्याचे भय नसते, तुमचे असते. दिसत नाही म्हटले की हा घर बंद करील, आपल्याला उचलून शहरात नेईल, कुठल्या तरी खोलीत बसवील, हे ते भय.’’

दुसऱ्याच आठवड्यात अम्मांना नेत्रतज्ज्ञाकडे नेले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया झाली आणि त्या डोळ्याने त्यांना स्वच्छ दिसू लागले. डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. असलेली राखावी, एवढेच हाती राहते. ‘‘दोन वर्षे आधी आणले असते तर,’’ असे तज्ज्ञ म्हणाले आणि पुढचे बोलले नाहीत. ती दोन वर्षे म्हणजे आमच्या हिशेबाने शंभराहून अधिक शुक्रवार होत.

अम्मांनी त्यावरून आम्हांला एक शब्द ऐकवला नाही. आता पावसाळ्याचे चार महिने त्या आमच्याकडे राहतात, बाकीचे आठ महिने आपल्या घरी. हा तह डॉक्टरांनीच करून दिला. एक रविवार आड आम्ही गावी जातो. शुक्रवारचा फोन चालू आहे, पण आता त्यावर आमची भिस्त नाही. गेलो की आधी कळशी पाहतो, फळीवरच्या गोळ्या मोजतो. भिंतीला चुना मारून घेतला आहे. त्यावर पुन्हा रेघ उमटते का, ते पाहतो.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींहून अधिक होती. त्यानंतर ती वाढलीच आहेत. त्यांतली किती ‘बरी आहे’ म्हणत भिंत धरून चालत असतील, याची शिरगणती कुणीच करीत नाही.

आता शेवटची गोष्ट. ही सांगू की नको, असे आम्ही डॉक्टरांना तीनदा विचारले. ते म्हणाले, ‘‘सांगा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.’’

डॉक्टरांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, सात-आठ वर्षांपूर्वी विसर पडू लागला. आमटीत मीठ दोनदा पडे. एकदा शनिवार खुटावर भाजी घ्यायला गेल्या आणि घरची वाट सापडेना. डॉक्टर म्हणत, वय झाले. आणि चिडत. ते स्वतःच सांगतात, ‘‘दवाखान्याच्या नोंदवहीत ‘रोग’ असा रकाना असतो. त्यात मी पस्तीस वर्षांत एकदाही ‘म्हातारपण’ असे लिहिले नाही. वय हे रोगाचे नाव नव्हे, हे मी माझ्या हाताखालच्यांना शिकवीत होतो. घरी मात्र दोन वर्षे मी तेच निदान करून बसलो होतो.’’ पुढे तपासण्या झाल्या. विसराची काही कारणे बरी होण्यासारखी असतात. थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासी ही त्यांतलीच. म्हणून तपासून घेणे अगत्याचे. काकूंच्या बाबतीत त्यांतले काही नव्हते. अल्झायमरचा रोग निघाला. तो बरा करणारे औषध आजही नाही.

‘‘लवकर कळले असते तरी रोग थांबला नसता, असे डॉक्टर सांगतात,’’ ते आम्हांला म्हणाले. ‘‘पण ती दोन वर्षे मी तिच्यावर ओरडलो नसतो.’’

आज काकू डॉक्टरांना ओळखत नाहीत. दिवसा त्या शांत असतात. पण रात्री आठ वाजले की उठून दाराशी खुर्ची ओढतात आणि बसतात. ‘‘हे अजून आले नाहीत,’’ म्हणतात. ‘‘कुणाची तरी गाय अडली असेल. जेवण गार होते.’’ डॉक्टर समोर उभे असतात. सुरुवातीला ते सांगून पाहत, ‘‘अगं, मी आलो आहे, हा काय मी!’’ त्याने त्या घाबरत. घरात परका माणूस शिरला असे वाटून रडू लागत. मग त्यांनी सांगणे सोडले. आता ते दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि म्हणतात, ‘‘येतील हं, वाटेत असतील.’’ काकू कधी त्यांना विचारतात, ‘‘तुमच्याही घरचे कुणी यायचे आहे का?’’ ते ‘‘हो’’ म्हणतात. तासाभराने काकूंना झोप येते. मग ते त्यांना हाताला धरून आत नेतात.

डॉक्टर म्हणाले, ‘‘गुरुजी, पस्तीस वर्षे ती अशी दाराशी बसत होती, हे मला कुठे ठाऊक होते? मी यायचो, जेवायचो, झोपायचो. ती किती वेळ बसलेली असे, हे मी आता पाहतो आहे. वाट पाहण्याला किती वेळ लागतो, हे तिच्याजवळ बसल्याशिवाय मला कळले नसते.’’ आणि मग म्हणाले, ‘‘दोरी आता माझ्या बाजूला सरकवून घेतली आहे. माझा खांदा अजून बरा आहे.’’

मंडळी, आता आपल्या वादाकडे वळतो. वृद्धाश्रम असावा की नसावा? ज्यांना कुणीच नाही, त्यांना छप्पर हवेच आणि त्यात लाज कुणाचीही नाही. आमचा त्याला विरोध नाही. आमचे म्हणणे इतकेच, की विटा रचण्याच्या आधी आपण तीन कामे सुरू करावीत. त्यांना पैसा थोडा लागतो आणि माणसे पुष्कळ.

पहिले काम असे. ट्रस्टच्या सभासदांपैकी ज्या घरी म्हातारी माणसे एकटी किंवा दोघेच राहतात, त्यांची यादी करावी आणि दर पंधरवड्याला दोघादोघांनी तिथे जावे. नुसते ‘बरे आहे ना’ विचारून परतू नये. चहा घ्यावा, अर्धा तास बसावे आणि पाहावे. पाणी किती भरलेले आहे, चूल पेटली होती का, गोळ्या किती उरल्या, कपडे-काकणे सैल झाली का, हाक ऐकू येते का, चालताना हात कशाला धरतो. याला डॉक्टर लागत नाही, डोळे लागतात. दुसरे काम म्हणजे वर्षातून दोनदा डोळ्यांची, कानांची, रक्तदाबाची व रक्ताची तपासणी. आणि तिसरे, जे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते असे. ज्या घरात कुणी सुश्रूषा करीत आहे, त्या घरी आठवड्यातून दोन तास आपल्यापैकी कुणी जाऊन बसावे, म्हणजे त्या सुनेला, त्या लेकीला, त्या म्हाताऱ्या नवऱ्याला तेवढा वेळ बाहेर मोकळे फिरता येईल. त्यांच्या जुवाची दोरी दोन बोटे तरी आपल्या बाजूला सरकेल. हे जमले, तर इमारत किती खोल्यांची हवी तेही आपल्याला आपोआप कळेल.

आजच्या सभेला यावे म्हणून डॉक्टरांना आम्ही आग्रह केला होता. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवले. सभा सातला सुरू होणार होती आणि आठ वाजता त्यांना दाराशी बसायचे असते. या क्षणी ते तिथेच असतील.

पुढच्या गुरुवारी ती वेळ आम्ही घ्यायची ठरवली आहे. काकूंच्या शेजारी आम्ही बसू आणि डॉक्टर या सभागृहात मागच्या रांगेत बसून पुढचे व्याख्यान ऐकतील. कार्यवाहांनी वही उघडावी. पहिले नाव आमचे लिहावे. खालच्या ओळी आपल्यासाठी मोकळ्या आहेत.